कच्चा नींबू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अनुजाला नाही. बायको आहे ती माझी, तिच्यापासून मला चोरून खाल्लेली जिलबीसुद्धा लपवता येत नाही, पण हे लपवता आलं. मिरजेच्या भावाला नाही. एकदा बाराबंकीहून परतताना बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला सांगणार होतो, सुरुवातही केली होती. तेवढ्यात त्याला डुलकी लागली आणि मला केवढं हायसं वाटलं.

आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही झोपू नका. आणि माझा आवाज चढला तर चढू द्या, कारण मी चिडलेला आहे. कुणावर? नुसता स्वतःवर म्हटलं तर तेही खोटंच होईल, आणि खोटं आता पुष्कळ झालं.

या प्रकरणाची एक हसरी आवृत्ती आहे. ती मात्र मी कितीतरी जणांना ऐकवली आहे. इथल्या मराठी मंडळात गणपतीचं जेवण झालं, सुपारी फिरली, की कुणीतरी म्हणतंच — पाटील, तो लिंबाचा किस्सा सांगा. मग मी सांगतो. आम्ही लखनऊला नुकतेच बदलून आलो होतो, जानकीपुरमच्या सोसायटीतली पोरं माझ्या मुलीला ‘कच्चा नींबू’ म्हणायची, मला वाटलं शिवी आहे. तरातरा खाली गेलो, पोरांना फैलावर घेतलं, आणि मग कळलं की अहो, हे तर आपलं लिंबूटिंबू! सगळे खो खो हसतात. परप्रांतात भाषेमुळे कशी फजिती होते म्हणून आणखी दोघं आपापले किस्से सांगतात.

माझी कसली फजिती? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी मिरजेच्या रेल्वे कॉलनीत वाढलो, अर्धी आळी हिंदी बोलणारी. कच्चा नींबू म्हणजे काय हे मला कळलं नाही, ही शुद्ध थाप आहे.

आणि मी स्वतः लिंबूटिंबू होतो. थोरल्या भावाच्या शेपटासारखा मैदानात जायचो. ती मोठी पोरं आट्यापाट्यांत मला घ्यायची. घ्यायची म्हणजे काय, मधे पळू द्यायची. कुणी बाद करायचं नाही, कुणी खेकसायचं नाही. चुकलो तर चुकलो. असा मी दोन उन्हाळे नुसता पळत होतो. मग एके दिवशी भाऊ म्हणाला, आजपासून तू खरा गडी. तोवर पाटीवरच्या गड्याला हूल कशी द्यायची ते माझ्या पायांना येत होतं. कुणी शिकवलेलं मला आठवत नाही.

पण हाच शब्द माणूस मोठा झाला की बोचतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘तो काय, लिंबूटिंबू.’ ऑफिसात कुणाबद्दल एवढं म्हटलं की त्याचं काम तमाम होतं. हे मी सांगतोय ते सबब म्हणून नाही. पुढचं समजावं म्हणून सांगतोय.

सई तेव्हा पाच वर्षांची होती. शाळेत तोंड उघडायची नाही. घरी मराठी, वर्गात हिंदी आणि इंग्रजी, आणि पोर मधल्या मधे अडकलेली. पाणी हवं असलं तरी मागायची नाही. टीचरने बोलावून घेतलं, म्हणाली, ‘बोलती ही नहीं है, कहीं दिखा लीजिए.’ दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, बोलेल. अनुजा घरी येऊन रडली. मी चिडलो. मला तेवढंच येतं.

ती बोलायला लागली ती शाळेत नाही आणि घरातही नाही. आमच्या दोन इमारतींच्या मधे तेव्हा एक मोकळा तुकडा होता. बाग म्हणावी असं त्यात काही नव्हतं — थोडं गवत, बाकी माती, कडेला कुणीतरी टाकलेल्या विटा. तिथे संध्याकाळी सोसायटीतली पोरं जमायची आणि त्यांची म्होरकी होती रिमझिम. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी, बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, आवाज असा की सब्जीवाला गाडा थांबवून बघायचा. तिने एक खेळ रचला होता. स्वतःच्या डोक्यातून काढला होता, मी तसा खेळ दुसरीकडे कुठेही पाहिलेला नाही. विटांच्या दोन रांगा, त्यांच्या मधे नदी. नदीत मगर. बाकीच्यांनी या काठावरून त्या काठावर पळायचं. मगरीने पकडलं की तुम्ही पुलाचा खांब, हात पसरून जागच्या जागी उभं राहायचं, हलायचं नाही. सगळे खांब झाले की पूल पुरा आणि मगर जिंकली.

आणि कच्चा नींबू? त्याला मगर पकडू शकत नाही. इथवर सगळीकडे तेच असतं. पण रिमझिमने त्याला एक काम दिलं होतं. कच्च्या लिंबाने खांबाला हात लावला की खांब पुन्हा माणूस होतो आणि पळायला लागतो. म्हणजे ज्याला कुणी मोजत नाही, त्याच्यावर सगळा खेळ चालायचा. ते कच्चं लिंबू माझी मुलगी होती. दणादणा नदीत घुसायची, याला शिव, त्याला शिव, आणि मोठी मोठी पोरं ‘सई, इधर! सई, पहले मुझे!’ म्हणून गयावया करायची.

तिथे ती बोलली. ‘चीटिंग मत करो’ हे तिचं पहिलं हिंदी वाक्य. मग भांडायला लागली, नियम काढायला लागली. मगरीला ती मगरमावशी म्हणायची. रिमझिमने विचारलं, ‘मावशी माने?’ सई म्हणाली, ‘मौसी.’ सगळ्यांना ते इतकं आवडलं की जानकीपुरमची अस्सल लखनवी पोरं ‘मगरमावशी आई, मगरमावशी आई’ म्हणून बोंबलत पळू लागली. घरी न्हाणीघरात सई बादलीला आणि मगाला खेळाचे नियम समजावून सांगायची, निम्मे मराठीत, निम्मे हिंदीत, आणि साबणासाठी एक वेगळा नियम काढलेला. दाराबाहेर उभं राहून मी आणि अनुजा ऐकायचो. शाळेतही ती हळूहळू बोलू लागली.

हे सगळं मी बाल्कनीतून पाहिलेलं आहे. तो खेळ मला बिनचूक माहीत होता. म्हणून तर म्हणतो, तो हसरा किस्सा विसरा.

हल्ली जो तो सांगत सुटतो, मुलं खेळातून शिकतात. शाळेत पालकांना बोलावतात, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवतात, ‘बच्चे खेल-खेल में सीखते हैं’ म्हणतात. आम्ही सगळे माना डोलावतो आणि बाहेर पडलो की एकमेकांना ॲबॅकसच्या क्लासचा पत्ता विचारतो. मला त्या माना पाहून संताप येतो. त्यात माझीही मान असते. आपल्याला खेळ हवा असतो तो शिकण्यापुरता, आणि शिकणं हवं असतं ते पहिलं येण्यापुरतं. हो की नाही? खरं सांगा.

तर, तो दिवस. बँकेत प्रमोशनचा निकाल लागला. माझ्या हाताखाली काम शिकलेला एक पोरगा पास झाला, मी राहिलो. तिसऱ्यांदा राहिलो. साहेबांनी पेढे वाटताना माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘पाटील जी तो अपने घर के आदमी हैं, इनका क्या है.’ सगळे हसले, मी पेढा खाल्ला. 

घरी आलो तर फाटकाशी सोसायटीचे तेव्हाचे सेक्रेटरी उभे. पोरांचा खेळ बघत होते. मला बघून कौतुकानेच म्हणाले, ‘आपकी बिटिया तो परमानेंट कच्चा नींबू है, पाटील साहब.’ कौतुकानेच, बरं का. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. बाप लिंबूटिंबू, पोरगीही लिंबूटिंबू? असं वाटलं. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी हेच वाटलं.

ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच ठेवून मी त्या तुकड्यावर गेलो. रिमझिमला म्हणालो, ‘इसको ठीक से खिलाओ. आउट हुई तो आउट.’ ती म्हणाली, ‘अंकल, अभी छोटी है. और फिर खंभे कौन छुड़ाएगा?’ तिचा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच मी जास्त पेटलो. ‘जैसा बोला वैसा करो,’ मी ओरडलो. बँकेतल्या शिपायाशीही मी त्या सुरात बोलत नाही, त्याची युनियन असते. साहेबांना काही बोलायची माझी टाप नव्हती, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर काढलं. आणि वांगं केवढं, तर बारा वर्षांचं.

सईला मी मराठीत सांगितलं, ‘आता खरं खेळायचं. खांब झालं की हलायचं नाही. समजलं?’ तिने मान हलवली. अनुजा अजून कामावरून आली नव्हती. मी वर गेलो, चहा केला आणि कप घेऊन बाल्कनीत उभा राहिलो.

आता जे सांगणार आहे ते... थांबा, मी आधी पाणी पितो.

सई लगेच पकडली गेली. पाच वर्षांच्या पोरीचे पाय ते केवढे. रिमझिम मगर होती, तिनेच पकडलं, नाइलाजाने, हळूच. सई नदीत हात पसरून उभी राहिली. एकेक करून बाकीचेही खांब झाले. सोडवायला कुणी नव्हतंच, तेव्हा पूल पुरा झाला आणि डाव संपला. पोरं पांगून दुसरं काहीतरी खेळायला लागली. सई हलली नाही. रिमझिम दोनदा तिच्याजवळ गेली, खाली बसून काहीतरी समजावलं, हात धरून ओढलंसुद्धा. सईने मान हलवून नाही म्हटलं आणि वर पाहिलं. माझ्याकडे. बाबांनी सांगितलं होतं ना, हलायचं नाही.

मी बघत होतो. थंडीचे दिवस होते, अंधारून यायला लागलं होतं. तिचे हात थरथरायला लागलेले मला दिसले. मग तिने गुडघे एकमेकांना घट्ट लावले, तेही दिसलं. त्याचा अर्थ कुठल्या बापाला कळत नाही? एक हाक पुरे होती. ‘सई, ये वर.’ माझ्या मनात काय आलं सांगू? उभी राहू दे. शिकेल. — हेच शब्द आले. मी चहा संपवला.

मग तिची पँट ओली झाली.

रिमझिमने आपला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधला आणि तिला उचलून तीन मजले वर आणलं. मी दार उघडलं. सई रडत नव्हती, दात वाजत होते. रिमझिमची आई मागोमाग आली होती, जिन्यात सेक्रेटरी होते, समोरचंही दार उघडलं. सगळे बघत होते — ओली पोर आणि दारात तिचा बाप. आता कुणीतरी विचारणार, पाटील साहब, आप कहाँ थे? तर त्यांनी विचारायच्या आधी मीच बोंब ठोकली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या. ‘देखिए, कब से खड़ा रखा है बच्ची को. हिलने नहीं दिया.’ आणि तेवढ्याने भागेना म्हणून सईकडे वळलो. ‘सई, रिमझिमदीदीने तुला पकडून खांब केलं ना? खांबाने हलायचं नाही म्हणाली ना?’

बघा, यातला शब्द न् शब्द खरा होता. पकडलं तिनेच होतं, नियमही तिचाच. सईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. साक्ष झाली.

रिमझिम म्हणाली, ‘अंकल, आपने ही तो —’ आणि तिच्या आईची थप्पड तिच्या गालावर बसली. दोनच शब्द राहिले होते. ते मला पुरे करता आले असते. मी सईला आत घेतलं आणि दार लावलं.

पुढचं सोसायटीने केलं आणि माझा तिच्यावरही राग आहे. त्या तुकड्यावर गाड्या लावायच्या, हे सगळ्यांच्या मनात कधीचं होतं, फक्त निमित्त मिळत नव्हतं. ते मी ताटात वाढून दिलं. बच्चों की सेफ्टी, म्हणाले. विटा उचलल्या, फरशी घातली, पिवळे पट्टे मारले. माझ्या गाडीलाही जागा मिळाली आणि मी ती घेतली. रोज संध्याकाळी मी गाडी त्या नदीत नेऊन लावतो. रिमझिमला तिचे आईवडील खाली येऊ द्यायचे नाहीत, मग काही महिन्यांनी ते लोक घर सोडून गेले. कुठे गेले, मी विचारलं नाही. अनुजा अजूनही तिचा विषय निघाला की ‘ती दांडगट मुलगी’ म्हणते आणि मी भाजीत मीठ कमी आहे म्हणतो.

सई पुन्हा काही महिने गप्प झाली. मग आम्ही तिला क्लास लावले. ॲबॅकस, चित्रकला, कसला तरी ‘क्रिएटिव्ह’ म्हणून क्लास होता, तिथे मॅडम फळ्यावर काढतील तसंच फूल सगळ्यांनी काढायचं. बक्षिसंही मिळाली. आता ती बारावीत आहे, मार्क चांगले पडतात. मराठी समजतं, उत्तर हिंदीत देते. पण ‘मनाने काहीतरी काढा’ म्हटलं की कोऱ्या कागदापुढे बसून राहायची आणि शेवटी मोबाईलवरचं उतरवून द्यायची. आजही कपडे घालून आली की विचारते, ‘ठीक है ना?’ उत्तरपत्रिका लिहून आली तरी तेच, मैत्रिणीला मेसेज करायच्या आधीही तेच. तिने पुन्हा कधी मगरमावशीसारखा शब्द बनवला नाही. एका संध्याकाळमुळे एवढं होतं का? पोरं काय, स्वभावाने असतातच कुणी बुजरी, असं तुम्ही म्हणाल. मीही वर्षानुवर्षं हेच म्हटलं. फार सोयीचं पडतं ते.

इथवरचं जुनं झालं. गेल्या महिन्यातलं ऐका.

आता सोसायटीचा सेक्रेटरी मी आहे. पहिल्या मजल्यावर एक नवीन जोडपं आलंय, त्यांची मुलं लहान. त्यांनी मीटिंगमध्ये मागणी केली की गाड्या बाहेरच्या भिंतीलगत लावता येतील, मधली जागा मुलांना परत द्या, पोरं जिन्यात खेळतात. पुष्कळांना पटत होतं. मी खुर्चीत बसून मनात म्हटलं, बरं झालं, मी एक अक्षरही न बोलता हे होऊन जाईल. बघा मी कसा माणूस आहे. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, पण आधी हे बंद का केलं होतं?

अनुजाबरोबर सई आली होती, मागे उभी होती. ती पुढे आली. कुणी बोलावलं नव्हतं. जी मुलगी रिक्षावाल्याशी बोलताना माझ्याकडे बघते, ती तीस-चाळीस माणसांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘मैं यहीं खेलती थी. एक बड़ी लड़की ने मुझे खंभा बनाकर खड़ा कर दिया था, हिलने नहीं दिया. मेरी पैंट गीली हो गई थी. मैंने आज तक किसी को नहीं बताया. किसी और बच्चे के साथ ऐसा नहीं होना चाहिए.’ आवाज कापत होता, पण पूर्ण बोलली. तिला सगळं आठवत होतं. थंडी आठवत होती, ओली पँट आठवत होती. बाल्कनीतला माणूस मात्र तिच्या आठवणीत नव्हता. तो मी तिच्याच हातून पुसून घेतला होता.

 कुणी बाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ते नवीन जोडपं मान खाली घालून बसलं. मी उठून दोन वाक्यं बोललो असतो तर? पण मी म्हणालो, ‘हाथ उठाइए.’ हात मोजले आणि पार्किंग आहे तसंच राहील असं जाहीर केलं.

अनुजा खाली बायकांशी बोलत थांबली, वर जाताना नव्या लिफ्टमध्ये मी आणि सई दोघंच होतो. तिचा चेहरा लाल झाला होता, पण डोळ्यांत काहीतरी होतं, मी कितीतरी वर्षांत पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, ‘बाबा, ठीक बोला ना मैंने?’

मी म्हणालो, ‘हो. छान बोललीस.’